फटफटीला हळदीचा वास

१

सांगली सोडून तासगावच्या रस्त्याला पाचवा मैल लागला आणि अर्जुनाच्या फटफटीनं दम सोडला. आधी मागून निळा धूर निघाला. मग आत कुणी खलबत्ता कुटतंय असा ठोका सुरू झाला. एका लिंबाखाली ती थांबली, ती तिथं पुन्हा काही चालू झाली नाही.

मागच्या सीटवरून मुक्ताबाई उतरल्या. पदर झटकत म्हणाल्या, "मला मगापासनं वास येतोय बाबा. फोडणीत हळद करपल्यावानी."

"आई, फटफटीत कुठली हळद? तेल जळतंय," अर्जुना म्हणाला.

बैलगाडीवर घालून त्यांनी ती विश्रामबागेत, अर्जुना शिकायला राहत होता त्या वसतिगृहात आणली. आकाराम आबा फाटकातच बसले होते. लष्करात तीस वर्षं गाड्या हाकून आणि खोलून झाल्यावर ते या वसतिगृहाचे पहारेकरी झाले होते. गाडीवर आडवी पडलेली फटफटी बघून ते उठले, पण पुढं झाले नाहीत. कुणाच्या घरी मयताला गेल्यावर माणूस दारात घुटमळतो तसे घुटमळले.

कारण ती फटफटी त्यांनी पसंत केलेली होती.

गुरुवारी सकाळी नागपूरला निघायचं ठरलं होतं. रविवारची ही फेरी नुसती चाचणीची होती. येत्या दसऱ्याला नागपूरच्या दीक्षेला दहा वर्षं होत होती. छप्पन साली अर्जुनाचा बाप नागपूरला गेला तेव्हा मुक्ताबाई अर्जुनाच्या पाठच्या पोराच्या बाळंतपणात खाटेवर होत्या. "पुढच्या खेपेला तुला नेतो," असं तो म्हणाला आणि पुढची खेप यायच्या आधी वारला. आता पोरगा नेणार होता. शिवाय वाटेत सात गावांनी थांबा मागितला होता. शिकलेला पोरगा येणार, चार गोष्टी सांगणार, म्हणून तिथं मांडव घालायचं चाललं होतं. त्यातल्या चार गावांना एसटीसुद्धा जात नव्हती. वस्तीनं घरटी वर्गणी काढली आणि आबांच्या हवाली केली. आबा, यंत्र तुमी बघायचं. आमास्नी त्यातलं काय कळतंय.

आबांनी फटफटी चालू करायचा प्रयत्न केला. सहाव्या लाथेला ती धापा टाकत सुरू झाली. त्यांनी खिशातून पांढरा रुमाल काढून धुराच्या नळीवर धरला. रुमाल काळा, तेलकट झाला.

त्यांनी दुसऱ्या खिशातून आणखी एक रुमाल काढला. फलटणला, विकत घेताना, याच नळीवर धरलेला. तो अजून कोरा होता.

"पंधरवडाबी झाला न्हाई," आबा म्हणाले, आणि दोन्ही रुमाल हातात धरून उभे राहिले.

२

घंटाभरात आबांचा भाचा दादासो आला. मिरज रस्त्याला पत्र्याच्या शेडात तो गाड्या दुरुस्त करी. बाप नसलेलं पोर. आबांनी सुट्टीत येऊन त्याच्या हातात पहिला पाना दिला होता, तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. आता सांगलीत त्याच्या हाताला नाव होतं.

दादासोनं आधी गाडीचं पुस्तक मागितलं. इंजिनाच्या खालच्या कवचावरचा नंबर फडक्यानं पुसला आणि पुस्तकाशी ताडून पाहिला.

"नंबर त्योच हाय मामा. इंजिन बदललं असंल असं मनात आणू नका. त्या फलटणच्या रणपिश्यानं गाडी इकताना गंडवलं तुमास्नी. जाड तेल घालून ठोका दाबला आसंल."

"मी पहाटं गेलो हुतो. इंजिन हातानं चाचपून बघितलं, गार हुतं. गार इंजिनावर चालू केली, धूर न्हाई. आदर्कीचा घाट चढवला, धूर न्हाई."

"मग सातारचा लालासाहेब. मागची सीट बसवायला त्याच्या गॅरेजात ठेवली हुती न्हवं? मी गेल्या रविवारी रातच्या गाडीनं गेलो. सोमवारी सकाळी म्हणाला, झालं न्हाई, उद्या ये. तितंच बाकड्यावर झोपलो. मंगळवारी दुपारी गाडी हातात दिली. तेवढ्यात काय केलं, देव जाणे."

इंजिनाच्या वरच्या भागावर, पिस्टनच्या नळकांड्यावर हात ठेवून आबा म्हणाले, "ब्लॉक उतरवून बघू."

"नको." दादासो पटकन बोलला. "विलायती यंत्र हाय. खालचं पॅकिंग फाटलं तर मुंबईतबी मिळायचं न्हाई. बाहेरचा माल यायचा बंद झालाय. हाय तेबी जाईल."

ते खरंच होतं. लष्कराच्या लिलावातल्या त्या बी.एस.ए. गाड्यांचा एकेक भाग आता सोन्याच्या भावानं शोधावा लागे. म्हणूनच आबांनी घेताना इतकी पारख केली होती. कॉलेजच्या पोराला भपका नको, कसलंही पेट्रोल पचवणारं मंद इंजिन हवं. लांबच्या वाटेला वेग नको, तापून न दमणारा ब्लॉक हवा. अर्जुनाला लाल टाकीची नवी गाडी आवडली होती. आबांनी ही मळकी, हिरवी घ्यायला लावली.

मुक्ताबाईंनी चहा आणला. ओसरीवर निरोपाच्या समारंभाच्या पत्रिकांचा गठ्ठा पडला होता. जाड, कोऱ्या पुठ्ठ्यासारखा कागद. त्यांनी एक उचलून हात फिरवला.

"किती देखणी छापलीया."

"गेल्या सोमवारी दिवं लागायला छापखान्यातनं मीच आणली," दादासो चहा फुंकत म्हणाला. "शाई अजून वली हुती. हाताला लागली."

"आता ह्या वाटायच्या का जाळायच्या?" अर्जुना म्हणाला. मग आबांकडं न बघता, "वस्तीत काय बोलत्यात ठावं हाय का आबा? म्हणत्यात, रणपिश्यानं आबाला काहीतरी चारलं."

दादासोनं मान खाली घातली. आबा फटफटीजवळ जाऊन बसले. ब्लॉकला हवा लागावी म्हणून बाहेरून पात्यांच्या ओळी असतात, त्यांच्या फटीत त्यांनी करंगळीचं नख घातलं. तेलाचं काळं किटण निघालं. त्याच्या खाली दुसरा थर होता.

तो पिवळा होता.

३

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, पहाटेच्या एसटीनं आबा फलटणला गेले. हवालदार रणपिसे दारात दाढी करत होते. जयभीम झाला. आबांनी गोष्ट सांगितली तसा रणपिशांचा वस्तरा गालावरच थांबला.

"आकाराम बनसोडे, तुमी माझ्या दारात ह्ये विचाराया आला?"

"विचाराया न्हाई. बघाया आलो. माझी पारख चुकली का माणूस, ते बघायचं हाय."

"मग बघा." रणपिशांनी तोंड पुसलं. "माझ्या घरात काय दिसतंय?"

भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि दीक्षेच्या दिवशीचा पांढरा सदरा घडी करून काचेत लावलेला होता. बाकी भिंत मोकळी.

आबांनी खिशातून कागदाची पुडी काढली. नखानं खरवडलेलं पिवळं त्यात होतं. रणपिशांनी हुंगलं.

"हळद."

"तुमच्या फटफटीच्या पात्यातली. यंत्राच्या पूजेची आसंल."

रणपिसे पहिल्यांदा हसले. "छप्पनला नागपूरला गेलो. गाडी घेतली सत्तावनला. त्यानंतर खंडेनवमीला माझ्या दारातल्या विळ्याला हळद लागली न्हाई, तर फटफटीला कुठनं लागंल? माझी म्हातारी सासू अजून भांडती त्याच्यावरनं."

आबा पुडीकडं बघत राहिले. लष्करात असताना त्यांनी शंभर ब्लॉक बदलले होते. नंबर खालच्या कवचावर असतो. वरचा ब्लॉक आणि आतला पिस्टन, त्यांच्यावर काही नसतं. खालचं घर तेच ठेवून वरचा माळा बदलला, तर पुस्तक काय म्हणणार?

"हवालदार, नंबर तुमचा हाय," ते सावकाश म्हणाले. "पण ब्लॉक तुमचा न्हाई."

४

दुपारी आबा साताऱ्याला उतरले. लालासाहेबाचं गॅरेज पोवई नाक्यापासून हाकेच्या अंतरावर. आत शिरताच आबांनी बघितलं ते असं, की पकडीच्या लोखंडावर कुंकू, हवेच्या पंपावर कुंकू, भिंतीवरच्या पान्यांवरसुद्धा कुंकवाची बोटं.

"तुमी ब्लॉक बदलला," आबा सरळ म्हणाले.

लालासाहेब जाडजूड, गोड माणूस. त्यानं स्टूल पुढं सरकवलं. "आबा, बसा. शिव्या बसून द्या, उभ्यानं दम लागतो."

आबांनी पुडी पुढं केली. त्यानं बोटावर घेतलं, उजेडात धरलं.

"ही आमची न्हवं. आमी हळद लावली तर जोडीला कुंकू आलंच. ह्यात लाल कुठं हाय? नुसता पिवळा, तोबी पसापसा उधळलेला. ह्यो भंडारा हाय आबा. धनगराच्या घरचा. बिरोबाचा न्हाई तर खंडोबाचा."

आबा स्टुलावर बसले. माणूस खोटं बोलत असता तर त्यानं हळद कुणाची हे एवढं बारीक सांगितलं नसतं.

"आन आणखी सांगतो. तुमची गाडी माझ्याकडं एकच दिवस हुती. गेल्या रविवारी वेल्डिंग केलं. सोमवारी सकाळी आठाला, दुकान उघडलं न उघडलं, तुमचा भाचा घेऊन गेला. चहाबी घेतला न्हाई. म्हणाला, सांगलीत गिऱ्हाईक खोळंबलंय."

"सोमवारी?"

"सोमवारी."

"त्यो म्हणतो मंगळवारी दुपारी. तितंच बाकड्यावर झोपला म्हणतो."

लालासाहेबानं गॅरेजभर हात फिरवला. "कुठल्या बाकड्यावर? दाखवा."

गॅरेजात एकही बाकडं नव्हतं.

आबा ताडकन उठले. "माझ्या बहिणीचं पोर हाय ते. तुमी म्हणाल म्हणून मी त्याला खोटं म्हणू?"

"मी काय म्हणतच न्हाई," लालासाहेब हळूच म्हणाला. "तुमीच म्हणताय."

परतीच्या गाडीत आबा खिडकीशी बसले. बाकडं लालासाहेबानं हलवलं असेल. आठवड्यात हलवता येतं. असं ते कराडपर्यंत स्वतःला समजावत होते. कराडच्या स्टँडवर वर्तमानपत्र विकणाऱ्यानं त्यांच्या मांडीवर ताजा अंक टाकला आणि त्यांच्या अंगठ्याला शाई लागली.

शाई अजून वली हुती. हाताला लागली.

गेल्या सोमवारी दिवेलागणीला दादासो सांगलीत पत्रिका आणत होता. त्याच सोमवारी रात्री तो साताऱ्यात बाकड्यावर झोपला होता. आबांनी अंगठा धोतराला पुसला. पुन्हा पुसला. शाई जात नव्हती.

५

जत भागातला यल्लाप्पा हा घोंगड्यांचा व्यापारी. चार पिढ्या मेंढरामागं फिरलेलं धनगराचं घर, आता यल्लाप्पा फटफटीवरून घोंगडी विकी. त्याची गाडीही लष्कराच्या लिलावातली, तशीच हिरवी. वसतिगृहातली अर्धी पोरं त्याच्या घोंगडीवर झोपत. मंगळवारी सकाळी तो सांगलीच्या बाजारात भेटला.

आबा त्याच्या गाडीभोवती फिरले. टाकी पिवळी. हँडल पिवळं. दिव्याच्या काचेवरसुद्धा भंडाऱ्याची बोटं. फक्त ब्लॉकची पाती स्वच्छ, काळी, कोरडी.

"यल्लाप्पा, चालू कर बरं."

पहिल्या लाथेला चालू झाली. आबांनी रुमाल धरला. कोरा निघाला.

"बघितलं का आबा?" यल्लाप्पा खूश झाला. "दोन महिन्यामागं ही धुराडं हुती. दर मैलाला तेल पिईत हुती. तुमच्या दादासोच्या शेडात महिनाभर पडली. म्हणायचा, ब्लॉक मिळंना, ब्लॉक मिळंना. गेल्या मंगळवारी दुपारी बोलावून घेतलं आन अशी करून दिली. हात लय भारी गड्याचा."

"ब्लॉक कुठनं आणला म्हणाला?"

"पुण्यासनं. मी शब्द दिलाता, गाडी चालती केलीस तर माझी मिरज रस्त्याची कोपऱ्यावरची जागा तुला गॅरेजला देतो. दिली. बोर्डबी रंगवाया टाकलाय त्यानं." मग आबांच्या तोंडाकडं बघून त्यानं गाडी बंद केली. "काय झालं आवं?"

आबांनी पुडी उघडली. यल्लाप्पानं त्यात बोट बुडवलं आणि सवयीनं कपाळाला लावलं. मग त्याचं बोट कपाळावरच राहिलं.

"ह्यो माझा भंडारा तुमच्याकडं कसा आला?"

६

दुपारी वसतिगृहाच्या शेडात पाच माणसं होती. आबा, दादासो, अर्जुना, मुक्ताबाई आणि दारात चपला काढून बसलेला यल्लाप्पा. यल्लाप्पाला बघून दादासोनं "तुमी कसं काय?" विचारलं. यल्लाप्पानं नुसतं फटफटीकडं बोट केलं.

"पाना दे," आबा म्हणाले.

"मामा, पॅकिंग फाटलं तर—"

"पाना दे."

लहानपणापासून जसा देत आला तसा दादासोनं पाना दिला, मूठ आबांकडं करून. आबांनी एकेक नट सोडला. घाई केली नाही. ब्लॉक दोन्ही हातांनी वर उचलला, उलटा करून पोत्यावर ठेवला. सांध्यातून तेल गळू नये म्हणून घालतात ते पॅकिंग खालच्या कवचाला चिकटलेलं होतं. चाकूच्या टोकानं त्यांनी ते अलगद सोडवलं आणि उजेडात धरलं.

हातानं कापलेलं जाड कागदाचं पॅकिंग. तेलानं पारदर्शक झालेलं. कडेला छापलेली अक्षरं दिसत होती. निरोप समारंभ.

अर्जुनानं ते हातात घेतलं. "ही तर आपली पत्रिका हाय."

"व्हय," आबा म्हणाले. "ही गेल्या सोमवारी संध्याकाळी सांगलीत छापून झाली. त्याच्या आधी जगात नव्हती. म्हणजे रणपिश्याला मिळणं शक्य न्हाई. लालासाहेबाला न्हाई. तुझ्या हातात पत्रिका कवा आल्या अर्जुना?"

"बुधवारी सकाळी. दादासोनं आणून दिल्या."

"आन गाडी?"

"गेल्या मंगळवारी संध्याकाळी. तवापासनं ह्याच शेडात, कुलपात. किल्ली माझ्या करदोट्याला."

"मग सोमवारच्या दिवेलागणीपासनं मंगळवारच्या संध्याकाळपर्यंत, पत्रिका आन गाडी, दोन्ही एकाच माणसापाशी हुत्या. आन यल्लाप्पाची गाडीबी."

आबा पुढं म्हणाले, "चूक माझी झाली. गाडी आली त्या दिवशी मी रुमाल धरला न्हाई. रणपिश्याची गाडी तपासली, लालासाहेबाकडनं आली असती तर तपासली असती. पण दादासोनं आणली म्हटल्यावर काय बघायचं."

दादासो उकिडवा बसला होता. हातातलं फडकं तो पिळत होता. मुक्ताबाईंनीच विचारलं.

"दादासो, मागं मी बसणार हुते. ठावं हुतं न्हवं तुला? घाटात चाक जाम झालं असतं तर?"

"सांगलीच्या भायेर जायच्या आधीच बंद पडंल असं वाटलं मला, काकी. लांब जाणार न्हाई एवढं बघितलं हुतं मी."

"त्येबी बघितलंस व्हय," त्या म्हणाल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं, असा आवाज होता.

"जागेसाठी केलंस?" आबांनी विचारलं.

"जागा महिनाभर समोर हुती मामा. तुमची गाडी साताऱ्यासनं आणतानाबी मनात न्हवतं." दादासोनं पहिल्यांदा वर बघितलं. "वाटेत छापखान्यात थांबलो. शाई वाळायच्या आत पत्रिका वाचली. अकरा नावं. वर्गणी देणारा, मांडववाला, चहावालासुदिक हाय. तीनदा वाचली. गाडी माझ्या बुडाखाली आली, पत्रिका मी आणल्या, आन माझं नाव न्हाई. नावं कुणी सांगितली छापायला?"

अर्जुनानं आबांकडं बघितलं. नावं आबांनी सांगितली होती. वसतिगृहाच्या पायरीवर बसून, एकेक आठवून.

"तू घरचा," आबा म्हणाले. "घरच्याचं नाव कोण छापतं? पाहुण्याचं छापत्यात."

"तुमचं हाय की, मामा. मोठ्या टायपात."

आबांनी पाना उचलून पोत्यावर, ब्लॉकच्या शेजारी ठेवला.

यल्लाप्पा उठला. "माझ्या कळपात दुसऱ्याचं मेंढरू शिरलं तर मी कानाची खूण बघून परत देतो. तुमचा ब्लॉक काढून घ्या आबा. माझा जुना मला द्या. माझं घोडं अजून मेलं न्हाई." दारातून बाहेर पडताना तो थांबला. "त्या बोर्डाचा रंग वाळू दे दादासो. मग बघू कुणाचं नाव घालायचं ते."

७

ब्लॉक बुधवारी बसवला. दादासोनंच बसवला. तो आपण होऊन आला आणि आबांनी त्याला हाकललं नाही. दोघं दिवसभर एका यंत्रावर वाकले होते आणि पान्याच्या आकड्यांशिवाय एक शब्द बोलले नाहीत.

जुनं पॅकिंग फाटलं होतं. नवं कापायला जाड कागद हवा होता. दादासो इकडं तिकडं बघू लागला. आबांनी गठ्ठ्यातून एक पत्रिका ओढली, खालच्या कवचावर ठेवली आणि कडेवरून हातोडीनं हळूहळू ठोकत निघाले. जिथं मोठ्या टायपात आकाराम बनसोडे असं होतं, तिथं बरोबर भोक पडलं. कापलेला तुकडा त्यांनी जमिनीवर टाकला. दादासोनं तो उचलला, वाचला आणि खिशात घातला.

गुरुवारी सकाळी वस्ती फाटकात जमली. रुमाल धरला, कोरा निघाला. मुक्ताबाई पदर खोचून मागं बसल्या. निघताना त्यांनी वाकून इंजिनाचा वास घेतला.

"नुसतं तेल," त्या म्हणाल्या. "बरं वाटलं."

फटफटी वळणाआड गेली तरी आवाज बराच वेळ येत होता. सरळ, एका लयीत. माणसं पांगली. कुणीतरी म्हणालं, आबांची पारख ती पारख. आबांच्या हाताला तेल होतं. दादासोनं नेहमीसारखं खांद्यावरचं फडकं काढून पुढं केलं. नऊ वर्षांचा होता तेव्हापासून तो ते तसंच पुढं करत आला होता.

आबांनी फडक्याकडं बघितलं. मग हात आपल्या धोतराला पुसले आणि फाटकाकडं चालू लागले.